देव मानत नाही आणि वर्षभर परदेशात सेवेला जायचंय, जाऊ का?

बेटा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू म्हणतेस की तू २४ची आहेस, इंदूरला सुदामा नगरात राहतेस, आयटीत तीन वर्षं झालीत, देवधर्म सुटला त्यालाही तितकीच झाली असतील, आणि आता एक वर्ष आफ्रिकेत नाहीतर कंबोडियात एखाद्या मानवतावादी (म्हणजे देवाशिवाय माणुसकी मानणाऱ्या) संस्थेतर्फे व्हॉलंटियर म्हणून जायचंय, तर जे असं राहून आलेत त्यांचा खरा अनुभव काय, आणि आई म्हणते सेवाच करायची तर इथे काय लोक कमी आहेत, तिला काय उत्तर देऊ.

आधी आईचं. तिचं बरोबर आहे. उत्तर देऊ नकोस, का ते शेवटी येईलच.

आता मी कोण. मी रामबागेतली. इथल्याच एका सहकारी बँकेत २२ वर्षं, आधी काउंटर मग लोन सेक्शन, ४७व्या वर्षी व्हीआरएस घेतली नी २०१६च्या सप्टेंबरात उत्तर घानात गेले, ११ महिने राहिले, तिथून युगांडात अडीच महिने. तेव्हापासून कोणी असं जाणारं असलं की त्याची तयारी करून घेते, तीसेक पोरंपोरी झाली असतील आत्तापर्यंत. त्यातली चौघं अर्ध्यातून परत आली आणि खरं सांगू तर मी त्या चौघांकडून जास्त शिकले, कारण जे पूर्ण करून येतात ते सगळे "फार सुंदर अनुभव काकू" इतकंच सांगतात.

त्या चौघांपैकी एकाला हगवण लागली ती थांबेना, एकीच्या वडिलांना अटॅक आला, ही दोघं सोड. बाकी दोघं परत आली ती तिथे वाद घालून घालून दमली म्हणून. त्यांना वाटत होतं आपण बुद्धिवाद घेऊन चाललोय. मी आता पहिल्याच भेटीत सांगते, तू देव मानत नाहीस ही तुझी खाजगी गोष्ट आहे, तिचा तिथल्या कोणाला कवडीचा उपयोग नाही, तुझ्या हाताला काय येतं ते सांग.

हे मला तरी कुठे माहीत होतं.

थोडं मागचं सांगते म्हणजे तुला कळेल तू कशात उडी मारून राहिलीस. धर्मवाल्यांकडे परदेशात जाऊन सेवा करायची तयार वाट आहे, मिशनऱ्यांची शंभर-दोनशे वर्षांची, कोणी बोट धरून नेतं, राहायची सोय, जेवायची सोय, रविवारी भेटायला माणसं. देव न मानणाऱ्याला अशी वाट नव्हती. जागतिक पातळीवर मानवतावाद्यांची संघटना १९५२मध्ये ॲमस्टरडॅमला झाली, पण ती मुख्यतः विचार, परिषदा, कोर्टकचेऱ्या ह्यातली. आपल्याकडे म्हणशील तर गोरा नावाच्या समाजसुधारकांचं नास्तिक केंद्र आंध्रात १९४०पासून आहे, आधी मुदुनुरू गावात मग १९४७पासून विजयवाड्याला, आणि त्यांनी नास्तिकपणा शिकवण्यापेक्षा जातीबाहेर पंगती नि लग्नं, आरोग्य, पुनर्वसन असलीच कामं जास्त केली. परदेशात जाऊन राहायचं म्हणशील तर अमेरिकेतल्या फाउंडेशन बियॉन्ड बिलीफ ह्या संस्थेने २०१३-१४मध्ये चार जणांना वर्षभरासाठी पाठवलं, पाथफाइंडर्स प्रोजेक्ट नावाने, कंबोडिया, युगांडा, घाना, हैती असं फिरत. त्यातून त्यांना हे कळलं की फिरतीने काही होत नाही, एका जागी बसावं लागतं, आणि मग ह्युमनिस्ट सर्व्हिस कोअर निघाली, तिचं काम उत्तर घानात, चेटकीण ठरवलेल्या बायकांच्या वस्त्यांमध्ये. मी गेले ती वेगळ्या छोट्या संस्थेतर्फे, तिचं नाव इथे घालत नाही कारण पुढे मी तिच्याविषयी आणि माझ्याविषयी थोडं वाकडं बोलणार आहे, पण भाग तोच.

त्या वस्त्यांचं सांगते. गांबागा, कुकुओ, ग्नानी अशी नावं आहेत. गावात कोणाचं पोर दगावलं, कोणाच्या स्वप्नात एखादी म्हातारी आली, सवतीसवतीत वाजलं, की ठपका हिच्यावर. बहुतेक विधवा, मूल होण्याचं वय गेलेल्या, बाजू घ्यायला कोणी नाही अशा. आणि तो सगळा पट्टा मेनिन्जायटिसचा आहे, डिसेंबरपासून सहारातून कोरडा धुळीचा वारा सुटतो, हरमाटान म्हणतात, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, आणि त्याच महिन्यांत पोरं ताप येऊन दोन-तीन दिवसांत जातात. कारण दिसत नाही, म्हातारी दिसते. मग तिला मारून टाकायच्या आधी ती पळाली तर ह्या वस्तीत येते, कारण इथल्या भूमीपुजाऱ्याकडे, तिंदाना म्हणतात त्याला, तिची शक्ती काढून घ्यायची ताकद आहे असं सगळे मानतात. म्हणजे बघ, जी श्रद्धा तिला हाकलते तीच तिला आसराही देते. मी जाताना हे वाचून गेले होते आणि तरी डोक्यात पक्कं होतं की ह्या वस्त्या म्हणजे जेल, बंद व्हायला पाहिजेत.

तपासणी कशी करतात माहितेय? कोंबडा. गळा कापून सोडून देतात, तो फडफडत फडफडत शेवटी उताणा पडला तर बाई निर्दोष, पालथा पडला तर चेटकीण. एका आजीने मला हे करून दाखवलं, कोंबड्याशिवाय, स्वतःच्या हाताच्या पंज्याने, पंजा असा थरथरवत मातीवर नेला नी पालथा पाडला, आणि हसली. दात नव्हते. मी तिला विचारलं तुला काय वाटतं, तू आहेस का खरंच? आमच्या दुभाषी पोरीने प्रश्न भाषांतरच केला नाही, मला म्हणाली हे विचारायचं नसतं. नंतर कळलं की कितीतरी जणींना स्वतःलाच खात्री नसते. कोंबडा पालथा पडला म्हणजे असेनच मी काहीतरी, झोपेत करत असेन. ते ऐकल्यावर मी दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही.

आता तू म्हणशील हे आफ्रिकेतलं. मी त्याआधी सात-आठ वर्षं रविवारी झाबुआ-अलीराजपूरला जात असे, तिथे डाकन म्हणतात, बडवा, म्हणजे तिथला मांत्रिक, दाणे टाकून बघतो नी नाव काढतो. दाणे आणि कोंबडा, फरक इतकाच. बिहारने १९९९ला कायदा केला, छत्तीसगडने २००५ला, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा तर डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला त्यानंतर वटहुकूम काढून आला. घानात जुलै २०२०मध्ये काफाबा गावात ९० वर्षांच्या अकुआ डेन्तेह ह्या आजींना भर दिवसा मारून टाकलं, लोक बघत होते, मोबाइलवर शूटिंग, त्यानंतर तिथल्या संसदेने जुलै २०२३ला कोणाला चेटकीण म्हणणं गुन्हा ठरवणारं बिल पास केलं आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही. म्हणून तिथे जाऊन "तुमच्याकडे असं कसं" हा चेहरा करू नकोस, तो चेहरा आपल्याला शोभत नाही.

बरं. मी तिथे काय केलं.

पहिले सहा आठवडे काहीच नाही. खरंच काही नाही. सकाळी दासिबा म्हणायचं, म्हणजे शुभ सकाळ, त्याला उत्तर ना, मग घर कसं, ना, पोरं कशी, ना, काम कसं, ना, आणि उत्तर ना हेच, म्हणजे आपला होकार नव्हे की नकारही नव्हे, नुसता "हं". दहा घरं करायला दीड तास. बरोबरच्या दोन गोऱ्या पोरांना हे जड गेलं, त्यांना वाटे वेळ वाया जातोय. मला नाही गेलं, रामबागेत सकाळी दूध आणायला गेलं तरी तितकाच वेळ लागतो. आपल्या लोकांना काही गोष्टी आपोआप जमतात तिथे. हाताने जेवणं, लाइट जाणं (२०१६पर्यंत तिथे भयंकर लोडशेडिंग, त्याला डुमसोर असा शब्दच आहे, बंद-चालू), शेअर गाडीत चौघांच्या जागी सहा, म्हाताऱ्या माणसाला डाव्या हाताने काही न देणं. आणि हिंदी सिनेमा. टमाले शहरात हिंदी सिनेमाचं इतकं वेड की बाजारातला एक शिलाईवाला मला गाणी म्हणून दाखवे, अर्थ एका शब्दाचा माहीत नाही, चाल पक्की.

जमलं नाही ते म्हणजे खाणं. टुओ झाफी असते, मक्याच्या पिठाची उकड समज, त्याबरोबर भेंडीचं नाहीतर शेंगदाण्याचं कालवण, मला वाटलं वा, शेंगदाणे, आपलंच. प्रत्येक कालवणात सुक्या माशाची पूड. आम्ही पक्के शाकाहारी, घरी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. तिसऱ्या दिवशी ठरवलं की हे तत्त्व बिनकामाचं आहे, आणि खाल्लं. तू काय करशील ते तू ठरव, पण जायच्या आधी ठरव, ताटावर बसून नको. आईने दिलेला जिरावन मसाल्याचा डबा मात्र ११ महिने पुरवला मी, उकडलेल्या रताळ्यावर घालून.

आता प्रार्थनेचं, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण सगळ्यांना पडतो. तिथे कुठलीही बैठक, अगदी हातपंपाची दुरुस्ती ठरवायची असली तरी, प्रार्थनेने सुरू होते नी प्रार्थनेने संपते, एक मुसलमान करतो एक ख्रिश्चन करतो. मी उभी राहायचे गप्प. कोणाला त्यात काही वाटलं नाही. एकदा त्यांनी मला मान दिला, आज इंदियाची बाई सुरुवात करेल. सगळ्या उठून उभ्या, डोळे मिटलेले. मी काय म्हणणार? आजी दिवेलागणीला म्हणायची ते एकदम तोंडात आलं, "सगळ्यांना सुखात ठेव." तोंड उघडलं आणि अडकले, ठेव हे कोणाला म्हणतेय मी? मग म्हटलं, "सगळे सुखात राहा." मराठीतच. सगळ्यांनी आमीन म्हटलं. आमची दुभाषी नंतर विचारते काय म्हणालीस, तिला ठेव नी राहाचा फरक मी अर्धा तास समजावत होते, तिला तो फार क्षुल्लक वाटला.

आणि कोणी सरळ विचारलं की तुझा देव कोणता, तर मी सांगितलं मी मानत नाही. खोटं बोलायचं नाही. पण आपणहून घोषणाही करायची नाही. त्या बायका माझ्याकडे कळवळून बघायच्या, एकीने माझ्यासाठी प्रार्थना केली. घेतली मी.

सातव्या आठवड्यात काम सापडलं, आणि ते काय निघालं तर भिशी. तिथे बायकांचे बचत गट असतात, ही पद्धत केअर संस्थेने १९९१मध्ये नायजरला सुरू केली, आता निम्म्या आफ्रिकेत आहे. पंधरा-पंचवीस बायका, एक लोखंडी पेटी, पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे आणि पेटी चौथीच्या घरी. दर बैठकीला एकीने एक ते पाच शेअर घ्यायचे, शेअरची किंमत गट ठरवतो, आमच्या वस्तीत एक सेडी होती, तेव्हाचे साधारण १७ रुपये. साठलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत कर्ज. नऊ-बारा महिन्यांनी पेटी फोडायची, सगळ्यांना वाटून टाकायचं, पुन्हा शून्यापासून. लाकूडफाटा विकून, शेतात उरलेले शेंगदाणे वेचून, दुसऱ्याच्या शेतावर राबून ह्या बायका हे पैसे आणत.

मी बँकवाली, लगेच खतावणी आणली, सुंदर कॉलम आखले, जमा, नावे, शिल्लक. कोणाला वाचता येत नाही. एकीने वही उलटी धरून कौतुकाने पाहिली. त्यांची पद्धत अशी की छोट्या पासबुकात एका शेअरचा एक शिक्का, शिक्के मोजता येतात ना, झालं. आणि एकूण शिल्लक? ती पाठ करायची. बैठक संपताना आकडा मोठ्याने सांगायचा, पुढच्या बैठकीला सुरुवातीला सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा, मग पेटी उघडून मोजायचं. जुळला पाहिजे. माझ्या बँकेत २२ वर्षांत इतका बिनचूक ताळा मी रोज पाहिला नव्हता, हे लिहायला काही वाटत नाही मला. माझं काम मग काय तर शिक्क्याचं पॅड वाळू न देणं (त्या हरमाटानमध्ये दोन दिवसांत खडखडीत होतं, थेंबभर शेंगदाण्याचं तेल घालून चालवलं तेही बिघडलं, शेवटी ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्याखाली ठेवायचे), दोन बायकांना व्याज काढायला शिकवणं, आणि शेजारच्या तीन वस्त्यांत गट उभे करणं. एवढंच काम अकरा महिन्यांत. पण ते गट मी आल्यावरही चालले.

आता वाकडं.

आमच्या संस्थेला देणगीदारांना तिमाही रिपोर्ट द्यावा लागे, त्यात एक रकाना, पुनर्वसन किती. म्हणजे वस्तीतून आपल्या गावी परत किती गेल्या. एक बाई होती साठीच्या पुढची, नात बरोबर, नऊ-दहा वर्षांची (नात पाठवतात सोबतीला, पाणी भरायला, ती पोर मग शाळेत जात नाही). मुलगा फोनवर म्हणाला ये परत. माझी तिथली सहकारी म्हणाली थांबू, गावच्या मुखियाशी दोनच बैठका झाल्यात, मोठ्या सुनेचं मन वळलेलं नाही, आणि आत्ता मार्च चालू आहे, तापाचे दिवस आहेत, पाऊस पडू दे. मी म्हटलं मुलगा तयार आहे, म्हातारी तयार आहे, कशाला अडवायचं. आणि खरं कारण तुला सांगते, मार्चएन्ड होता. २२ वर्षांची सवय. ३१ तारखेच्या आत आकडा बसला पाहिजे. मी जोर लावला, संस्थेतल्या वरच्यांनाही तेच हवं होतं, गाडी काढली, फोटो काढले, रिपोर्टात लिहिलं, पुनर्वसन एक.

अकरा आठवड्यांनी ती परत आली. चालत, नातीला घेऊन, भांडी तिथेच राहिली. शेजारचं पोर आजारी पडलं होतं, वाचलं ते पोर, तरी. तिच्या झोपडीत तोवर दुसरी आली होती. कोणी मला एक शब्द बोललं नाही, सहकारी तर मुळीच नाही, तिने फक्त गवत शाकारायला माणसं शोधली. पावसाच्या तोंडाशी गवत मिळत नाही.

आणि ह्यावर कडी म्हणजे बचत गट. ती जाताना तिचे शेअर मोडून पैसे घेऊन गेलेली, आता वर्ष अर्धं झालं होतं, आणि नियम असा की मध्येच नवीन सभासद घ्यायचा नाही, घ्यायचा तर मागचं सगळं भरून. मी म्हटलं नियम आहे, आपण काय करणार. बघ म्हणजे मीच तिला घालवली आणि मीच नियम सांगतेय. पेटीवाल्या बायका तासभर भांडल्या, मला त्यातलं चार आणेही कळत नव्हतं, मग एकीने अडीअडचणीच्या फंडातून पैसे काढले, दुसरीने जुनं पासबुक काढलं, आणि पाच शिक्के मारले तिच्या नावावर. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही कोणी. पॅड माझ्या हातातून घेतलं नी मारले.

२०१४च्या डिसेंबरात घाना सरकारने बोन्यासे नावाची वस्ती बंद केली तेव्हा बाहेरच्या जगात टाळ्या पडल्या होत्या, मीही इंदूरला बसून पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आता कोणी वस्त्या बंद करा म्हटलं की मी विचारते, बाईला विचारलं का, सुनेला विचारलं का, महिना कोणता आहे.

तुझ्या कंबोडियाबद्दल एकच सांगते, अनाथाश्रमात जाऊ नकोस. तिथल्या बहुतेक "अनाथ" मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, परदेशी व्हॉलंटियर येतात म्हणून मुलं आणून ठेवली जातात, ऑस्ट्रेलियात तर २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यावेळी ह्याला सरळ गुलामगिरीच्या चर्चेत घेतलं गेलं. तीन महिने लळा लावून निघून येणं हे त्या मुलांच्या वाट्याला वर्षातून चारदा येतं. आणि हैतीचं माहीत असेलच, भूकंपानंतर २०१०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून नदीत घाण गेली, कॉलरा पसरला, हजारो मेले, आणि आपला त्यात हात होता हे संयुक्त राष्ट्रांनी मान्य करायला २०१६ उजाडलं. चांगल्या मनाने गेलेल्या माणसाचा संडास कुठे जातो हेही बघावं लागतं, मी हे तयारीच्या वर्गात सांगते तेव्हा पोरं हसतात.

युगांडाचं थोडक्यात. कासेसे गावात, र्‍वेन्झोरी डोंगराच्या पायथ्याशी, ब्वांबाले रॉबर्ट ह्यांनी २०११मध्ये ह्युमनिस्ट शाळा काढली, विज्ञानाने पुढे जाऊ अशा अर्थाचं ब्रीद आहे. मला तिथे आवडलं कारण ती तिथल्याच माणसाने काढलेली, बाहेरून कोणी येऊन उपकार म्हणून काढलेली नाही. पालक आपले चर्चला जाणारे, शाळा बरी म्हणून पोरं घालतात. मला तिथे धक्का वेगळाच बसला. घानात मी नुसती परकी होते, युगांडात मी मुहिंदी, म्हणजे इंडियन, म्हणजे दुकानदार. १९७२मध्ये इदी अमीनने आपल्या लोकांना ९० दिवसांत हाकललं ते आपण वाचतो, पण त्याआधी आपले लोक तिथे नोकरांशी कसे वागत हे तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं की मान खाली जाते. बाजारात एकाने मला चपातीत अंडं गुंडाळलेलं दिलं, रोलेक्स म्हणतात, चपाती शब्द आपलाच, आणि म्हणाला तुम्ही हे ठेवून गेलात. मला कळेना हे कौतुक की टोमणा.

आता तुझे व्यवहारी प्रश्न. पैसे: बहुतेक छोट्या मानवतावादी संस्था पगार देत नाहीत, राहणं-जेवण मिळालं तर नशीब, विमानाचं आपलं. संयुक्त राष्ट्रांच्या व्हॉलंटियर योजनेत मात्र राहणीखर्च मिळतो, तुझ्या वयाला त्यांचा युवा गट आहे, २६पर्यंत, तिकडे अर्ज कर आधी. जी संस्था तुझ्याकडून लाखभर "प्रोग्राम फी" मागते आणि दोन आठवड्यांचं पॅकेज देते ती ट्रॅव्हल एजन्सी आहे. टुरिस्ट व्हिसावर काम करू नकोस, संस्था म्हणाली चालतं तरी. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, एकदा घेतली की आता जन्मभर चालते, पण ते पिवळं कार्ड पासपोर्टला स्टेपल केल्यासारखं जप, परत येताना ते नसेल तर आपलं एअरपोर्ट तुला ६ दिवस वेगळं ठेवू शकतं. मलेरियाची गोळी डॉक्टर देईल ती, डॉक्सीसायक्लिन असेल तर परत आल्यावरही ४ आठवडे. हे सगळे विसरतात, घरी आलो ना आता. मी विसरले. विजयनगरच्या डॉक्टरने तीन दिवस टायफॉइड म्हणून औषध दिलं कारण मी त्याला सांगितलंच नाही की मी आफ्रिकेतून आलेय. फाल्सिपेरम होता, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, जीव वाचला इतकंच. सांगायचं. रिसेप्शनवरच सांगायचं.

आणि लिहिणं-बोलणं सांभाळ. नायजेरियात तिथल्या मानवतावादी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मुबारक बाला, त्यांना २०२०मध्ये फेसबुक पोस्टवरून पकडलं आणि २०२२ला २४ वर्षांची शिक्षा झाली, नंतर ती अपिलात कमी झाली, पण वर्षं गेली ना. तू पाहुणी, तुला फार तर विमानात बसवतील. तुझ्या पोस्टवर ज्याचा फोटो आहे, ज्याला तू टॅग केलंस, त्याला तिथेच राहायचंय. माझ्या सगळ्या फोटोंतून मी त्या गावी धाडलेल्या आजीचे फोटो काढून टाकले, रिपोर्टातला मात्र निघाला नाही, तो अजून कुठेतरी असेल.

परत आल्यावरचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. पहिले तीन महिने जड जातात. इथे सगळे विचारतात कसं होतं, आणि दोन मिनिटांत त्यांचं लक्ष उडतं. छप्पन दुकानला, आपल्या खाऊगल्लीत, मैत्रिणींनी पार्टी दिली, मी एक प्लेट बघून ते किती शिक्क्यांचं ते मोजत बसले, मग कोणी बोलवेना, बरोबरच केलं त्यांनी. घरचे मात्र हसले, माझी बहीण म्हणाली तू सगळ्यांना "घर कसं पोरं कशी" विचारत सुटलीस नी उत्तर ऐकायला थांबतेस, इंदूरमध्ये असं कोण करतं.

तर तू जाऊ शकतेस, आयटीतली आहेस, मोबाइलवर बचत गटाचा हिशेब ठेवणं हे आता तिथे हवं असलेलं काम आहे, पण तू ते ॲप बनवून नेशील आणि त्या आकडा पाठ म्हणतील, तेव्हा तुला गप्प बसता आलं पाहिजे. ते इथे तपासता येतं. आई म्हणते ना इथे काय लोक कमी आहेत, मी अजून महिन्यातून दोनदा झाबुआकडे जाते, तिथल्या दोन पाड्यांवर बचत गट आहे माझा, तीन कुलुपांची पेटी सराफ्यातल्या एका जुन्या लोहाराकडून बनवून घेतली. येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला गंगवाल बसस्टँडवर ये. सहा महिने ये, मग आपण तुझा अर्ज भरू. लॅपटॉप आणू नकोस. शिक्क्याचं पॅड आण, निळं, माझं वाळलंय. पोहे मी घेईन तुझ्यासाठी, जलेबी तुझी.